‘तसं मोठं काही नाही, पण…’ : एका टकटकीचं प्रकरण

हे प्रकरण एका पंचतारांकित हॉटेलातलं आहे. त्या वेळी मी तिथे फ्रंट ऑफिस मॅनेजर होते. हॉटेल, शहर आणि माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत. घटनाक्रम, आमच्या चुका आणि आम्ही घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत. नवीन मुलामुलींना शिकवताना मी हे प्रकरण नेहमी सांगते. तक्रार अगदी छोटी होती, आणि नेमकं त्या छोटेपणामुळेच आम्ही चुकलो.

पार्श्वभूमी

महागड्या हॉटेलात मोठ्या तक्रारी फारशा येत नाहीत. नळाला पाणी नाही, खोली दिलीच नाही, सामान हरवलं, असं घडलं की सगळी यंत्रणा खडबडून जागी होते आणि जनरल मॅनेजरपर्यंत निरोप जातो. रोज येतात त्या बारीकसारीक गोष्टी. पडद्याला फट राहते, उशी फार उंच आहे, शॉवरचं पाणी गरम व्हायला वेळ लागतो, टेबलावरचे कागद कोणी तरी नीट रचून ठेवले आणि आता क्रम लागत नाही. पाहुणा इथे जे पैसे मोजतो ते असल्या गोष्टींकडे लक्ष द्यावं लागू नये यासाठीच. त्यामुळे त्यातली एक जरी टोचली तरी ती त्याच्यासाठी छोटी राहत नाही.

गंमत अशी की तो ती सांगतो मात्र छोटी करूनच. एवढ्या झगमगाटात, एवढ्या अदबीने वागणाऱ्या माणसांपुढे कुरकुर करायला त्याला संकोच वाटतो. मग वाक्याची सुरुवात ठरलेली असते: ‘तसं मोठं काही नाही, पण…’ माझ्या सगळ्या नोकरीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

आमच्याकडे तक्रार आली की संगणकावर तिची जॉब ऑर्डर निघायची. तिच्यात खोली क्रमांक, विभाग, प्राधान्य आणि एका ओळीचं वर्णन एवढंच मावायचं. प्राधान्याला तीन पर्याय होते: तातडीचं, मध्यम, साधं. विभागाने काम केलं की ‘बंद’ हे बटण दाबायचं. महिन्याच्या अहवालात किती ऑर्डर्स किती मिनिटांत बंद झाल्या ते यायचं आणि आमचे आकडे चांगले असायचे.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. या घटनेच्या दोनेक महिने आधी दोन मजल्यांवर नवे थर्मोस्टॅट, म्हणजे एसीचं तापमान राखणारी यंत्रं, बसवले होते. त्यांच्यात हालचाल टिपणारा सेन्सर होता. खोलीत कोणी नाही असं वाटलं की एसी आपोआप मंद व्हायचा आणि वीज वाचायची. ही बाब इंजिनिअरिंग विभागाला माहीत होती. फ्रंट डेस्कला एका ब्रीफिंगमध्ये ओझरती सांगितली गेली होती आणि आम्ही ती विसरलो होतो.

तक्रार

एक बाई चार रात्रींसाठी आल्या होत्या. कामासाठी आलेल्या, एकट्या, बोलायला मृदू. पहिल्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी त्यांचा डेस्कला फोन आला. रात्रपाळीचा मुलगा हुशार आणि अदबशीर होता. नंतर त्याला विचारून ते बोलणं मी शब्दशः लिहून घेतलं:

‘तसं मोठं काही नाही, पण छतातून टक्… टक्… असा आवाज येतोय. झोप लागत नाहीये. गंमत म्हणजे मी उठून बसले की थांबतो. आडवी झाले की थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो.’

मुलाने क्षमा मागितली, ‘लगेच कोणाला तरी पाठवतो मॅडम’ म्हणाला आणि ऑर्डर काढली. वर्णनात लिहिलं, ‘छतातून आवाज’. प्राधान्य, ‘साधं’.

उठून बसलं की थांबतो, हे त्याने लिहिलं नाही. का नाही लिहिलं, असं मी नंतर विचारलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, ते लिहिलं असतं तर इंजिनिअरिंगवाले म्हणाले असते, बाईंना भास होतोय. त्यांची चेष्टा झाली असती.’ म्हणजे पाहुण्यांची लाज राखावी म्हणून त्याने ते वाक्य गाळलं. वाईट हेतू कुठेच नव्हता. पण सगळं निदान त्या एका वाक्यात होतं, आणि ते टेलिफोनवरच राहिलं.

पहिली रात्र आणि दुसरा दिवस

पंधरा मिनिटांत तंत्रज्ञ पोचला. वेळेच्या हिशेबात हे उत्तम. त्याने दिवे लावले, एसी तपासायचा म्हणून थर्मोस्टॅट १८ अंशांवर आणला. पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला. त्या घरघरीत पाच मिनिटं उभं राहून त्याने कान दिला. आवाज नाही. ‘सगळं ठीक आहे मॅडम, परत आला तर फोन करा’ असं सांगून तो खाली आला आणि ऑर्डरवर शेरा मारला: ‘तपासले, आवाज आढळला नाही. बंद.’

आवाज आढळणं शक्यच नव्हतं. दिवे, हालचाल, पंखा, जागे असलेले दोघं जण, या सगळ्यामुळे खोली पार बदलली होती. आजारी माणसाला पळायला लावून त्याची झोपेतली नाडी मोजावी तशी ती तपासणी होती. सव्वादोनच्या सुमारास टकटक पुन्हा सुरू झाली. बाईंनी फोन केला नाही. एकदा ‘सगळं ठीक आहे’ असं ऐकल्यावर दुसऱ्यांदा कोण सांगणार? त्या तळमळत राहिल्या.

सकाळी लॉगबुक मी वाचलं. बंद झालेली तक्रार, साधं प्राधान्य. नियमाप्रमाणे मी खोलीत फळांची टोपली आणि माझ्या सहीचं कार्ड पाठवायला सांगितलं. कार्डावर होतं, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ कोणती गैरसोय, ती संपली की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तरी दिलगिरी मात्र मी सही करून पाठवली.

त्याच दिवशी दुपारी इंजिनिअरिंगच्या पर्यवेक्षकाने स्वतःहून एक चांगली गोष्ट केली. त्याने आवाज मोजायचं यंत्र नेऊन दहा मिनिटांची सरासरी घेतली. ती आमच्या मानकाच्या आत होती. त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली. इथे एक तांत्रिक बाब समजून घेण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये झोपण्याच्या खोलीसाठी दोन वेगवेगळे आकडे आहेत: सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल आणि एकेका सुट्या आवाजासाठी ४५ डेसिबल. दोन आकडे असण्याचं कारण साधं आहे. क्षणभराची टकटक दहा मिनिटांच्या सरासरीत विरघळून जाते, पण झोपलेल्या माणसाच्या कानात विरघळत नाही. आम्ही सरासरी मोजली, तीही दिवसा आणि पंखा चालू असताना.

संध्याकाळी बाई बाहेरून आल्या आणि डेस्कपाशी थांबल्या. ‘त्या आवाजाचं काय झालं?’ पाळी बदललेली होती. समोरच्या मुलीने संगणकावर पाहिलं आणि म्हणाली, ‘मॅडम, ते काल रात्रीच सोडवलेलं दिसतंय.’

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, ‘कोणी सोडवलं? मला तर कोणी विचारलंही नाही.’

या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महाग वाक्य आमच्या बाजूचं होतं, ‘सोडवलेलं दिसतंय.’ मुलीने खोटं काही सांगितलं नाही. संगणकावर तेच होतं. पण रात्रभर जागलेल्या माणसाला त्या वाक्यात ऐकू आलं ते एवढंच: तुमच्यापेक्षा आमचा संगणक खरा.

समोरचे पर्याय

मुलगी गडबडली आणि तिने लगेच वरच्या मजल्यावरचा सुइट देऊ केला, विनामूल्य. बाईंनी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं महत्त्वाचं सादरीकरण होतं, कागद खोलीभर मांडलेले होते, रात्री नऊ वाजता बिऱ्हाड हलवायची ताकद नव्हती. मुलीने मला फोन केला. मी घरी निघण्याच्या बेतात होते. तिने विचारलं, ‘मॅडम, त्यांनी अपग्रेड नाकारलं, मग हे बंद समजू का?’

तो प्रश्न ऐकून मी थांबले. ती जे विचारत होती ते आमच्या पद्धतीला धरूनच होतं. आपण देऊ केलं, त्यांनी नाकारलं, जबाबदारी संपली.

माझ्यापुढे काही वाटा होत्या. खोली बदलण्याचा आग्रह धरायचा, सामान हलवायला माणसं द्यायची. हे सर्वांत सोपं होतं, आणि पहिल्या रात्री कदाचित बरोबरही ठरलं असतं. पण दुसऱ्या संध्याकाळी ती सोय आमची झाली असती, त्यांची नव्हे. आणि ती खोली उद्या दुसऱ्या कोणाला गेली असती.

दुसरी वाट पैशांची. त्या रात्रीचं भाडं माफ करायचं. तेवढा अधिकार मला होता. या क्षेत्रात रिट्झ-कार्लटनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला एका पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा दिलेली होती. आमच्या प्रशिक्षणातही हा आकडा सांगत. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो तो आकडाच. त्याच कंपनीचा दुसरा नियम मला जास्त मोलाचा वाटतो, तो असा की तक्रार ज्याच्या कानावर पडली ती त्याची झाली. आमच्याकडे या तक्रारीला तोपर्यंत पाच जणांचे हात लागले होते आणि ती कोणाचीच नव्हती. मी पैसे देऊन ती आणखी लवकर पुरून टाकली असती.

तिसरी वाट, पुन्हा तंत्रज्ञ पाठवायचा. तोच माणूस, तीच तपासणी, तोच शेरा.

चौथी वाट तात्पुरत्या ठिगळाची होती. पंखा रात्रभर मध्यम वेगात चालू ठेवायचा, म्हणजे आवाज त्यात बुडून जाईल. हे मी राखून ठेवलं, कारण काहीच सापडलं नसतं तरी त्या रात्री त्यांना झोप मिळायला हवी होती.

आणि पाचवी: जाऊन ऐकायचं. त्या जशा ऐकतात तसं, अंधारात, आडवं झाल्यासारखं, हालचाल न करता. लागेल तेवढा वेळ.

पाचव्या वाटेत अडचण होती. रात्रीच्या वेळी एकट्या बाईंच्या खोलीत हॉटेलच्या माणसांनी तासभर बसायचं, हे कोणत्याही नियमात बसत नाही आणि बसूही नये. म्हणून मी आधी त्यांना भेटले. प्रथमच भेटत होते, म्हणजे सही आधी आणि माणूस नंतर. मी म्हटलं, ‘तुम्हाला आवाज येतो यावर माझा विश्वास आहे. आमच्या माणसाला तो ऐकू आला नाही, कारण आम्ही नीट ऐकलं नाही. तो नेमका कसा येतो ते मला सांगाल का?’

तेव्हा त्यांनी उठून बसण्याची आणि आडवं होण्याची गोष्ट पुन्हा सांगितली. पहिल्यापेक्षा अधिक संकोचाने. ‘मला माहीत आहे, हे विचित्र वाटतं.’

काय केलं

बाई त्यांचे कागद घेऊन खाली लाउंजमध्ये बसल्या, तशी त्यांनीच तयारी दाखवली. त्यांच्या परवानगीने मुख्य अभियंता आणि मी खोलीत गेलो. थर्मोस्टॅटला हात लावला नाही. दिवे घालवले, दोन खुर्च्यांवर बसलो आणि हललो नाही.

तो अर्धा-पाऊण तास मला अजून आठवतो. हॉटेलात इतकी वर्षं काम करून मी एकाही खोलीत अशी अंधारात गप्प बसले नव्हते. बत्तीस मिनिटांनी पंखा आपोआप थांबला. खोली एकदम इतकी शांत झाली की स्वतःच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू आली. आणखी चारेक मिनिटं गेली. मग छतातून आवाज आला. टक्. वीस-पंचवीस सेकंद गेले. टक्.

अभियंत्याने अंधारातच नुसता हात वर केला. थर्मोस्टॅटवरचा दिवा उजळला आणि पंखा सुरू झाला. टकटक त्यात नाहीशी झाली. तो हळूच म्हणाला, ‘मॅडम, बाई झोपल्या की खोली समजते की त्या गेल्या.’

पुढचा उलगडा त्याने खाली येताना केला. सेन्सर फक्त हालचाल पाहतो. झोपलेला माणूस त्याला दिसत नाही. चांगल्या व्यवस्थेत याला तोड असते. सेन्सरला दारावरच्या कळीशी, म्हणजे दार उघडलं-मिटलं ते टिपणाऱ्या स्विचशी, जोडलेलं असतं, म्हणजे दार शेवटचं बंद झाल्यावर आत एकदा जरी हालचाल दिसली तरी पुन्हा दार उघडेपर्यंत माणूस आत आहे असंच धरलं जातं. आमच्याकडे काही खोल्यांत ती दाराची कळ जोडायची राहिली होती. त्यामुळे अर्धा तास हालचाल नाही की थंड पाण्याची झडप बंद, पंखा बंद. मग छताच्या आतला थंड झालेला पत्रा हळूहळू कोमट होऊन प्रसरण पावायचा, आणि एसीच्या तपासणी-झाकणाचा स्क्रू फार घट्ट आवळला असल्याने तो अडत-सुटत सरकायचा. प्रत्येक सुटण्याला एक टक्. झोपमोड होऊन बाई उठून बसल्या की सेन्सरला त्या दिसायच्या, पंखा सुरू व्हायचा आणि आवाज गडप. त्यांनी पहिल्या रात्री फोनवर जे सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

त्या रात्रीपुरता अभियंत्याने त्या खोलीचा सेन्सर बंद करून एसी सतत चालू ठेवला. झाकणाचा स्क्रू आणि त्याखालची फेल्टची पट्टी हे काम दुसऱ्या दिवशी, बाई बाहेर असताना. मी लाउंजमध्ये जाऊन त्यांना सगळं सांगितलं, सेन्सरचं, दाराच्या कळीचं, आणि ते आमच्याकडून राहून गेलं होतं हेही. भरपाईचा विषय त्या वेळी काढला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘म्हणजे आवाज होता ना?’

त्या रात्री त्या झोपल्या.

मला झोप आली नाही, म्हणून सकाळी लवकर येऊन मी वेगळ्या रीतीने लॉग काढला. आम्ही तो नेहमी विभागवार वाचायचो. मी खोलीवार लावला. त्या दोन मजल्यांवर थर्मोस्टॅट बदलल्यापासून अकरा नोंदी होत्या. ‘रात्री खोली गरम होते.’ ‘एसी मध्येच बंद पडतो.’ ‘पहाटे घाम येऊन जाग आली.’ प्रत्येक वेळी तंत्रज्ञ गेला, प्रत्येक वेळी एसी सुरू होता, प्रत्येक वेळी ‘बंद’. अकरा माणसांनी एकच गोष्ट सांगितली होती. आम्ही तिला अकरा साध्या तक्रारी म्हणून निकालात काढलं होतं.

व्यवस्थापनाच्या बैठकीत वीजबचतीचा प्रश्न निघाला, तो निघणारच होता. नव्या यंत्रणेचा खर्च बचतीतून भरून यायचा होता. बराच वाद होऊन मध्यम मार्ग ठरला: रात्री दहा ते सकाळी सात सेन्सरने एसी बंद करायचा नाही, आणि ज्या खोल्यांत दाराची कळ जोडली जाईल तिथे ही सवलत काढून घ्यायची.

आणि मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो

हा भाग सांगायला मला जड जातं, पण तो गाळला तर प्रकरण खोटं होईल.

सकाळच्या ब्रीफिंगमध्ये मी हे सगळं तळमळीने सांगितलं. परिणाम असा झाला की त्या दिवशी बाईंना नाश्त्याला विचारलं, ‘झोप नीट झाली ना मॅडम?’ लिफ्टपाशी गेस्ट रिलेशन्सच्या मुलीने विचारलं. दारावरच्या माणसाने विचारलं. हाउसकीपिंगच्या पर्यवेक्षिकेने विचारलं. संध्याकाळी जनरल मॅनेजर स्वतः भेटायला गेले. तिसऱ्या रात्री बाईंनी डेस्कला फोन करून फार नम्रपणे सांगितलं, ‘आता मला त्याबद्दल कोणी विचारलं नाही तर बरं होईल.’

आधी तक्रार कोणाचीच नव्हती, मग ती सगळ्यांची झाली. दोन्ही वेळा ओझं पाहुण्यांवरच पडलं. त्या झोपेसाठी आल्या होत्या. आम्ही त्यांना ‘टकटकवाल्या बाई’ करून टाकलं. तक्रार एकाची व्हायची याचा अर्थ बाकीच्यांनी गप्प राहायचं असाही असतो, हे मला तेव्हा कळलं. उपायाचा पल्ला तेवढाच राहायला हवा जेवढी ती गोष्ट आहे. दिवा गेला असेल तर दिवा बदलून, एकदा क्षमा मागून निघून यावं. त्यासाठी फुलं आणि पत्र नकोत.

निकाल

चेक-आउटच्या वेळी मी पहिल्या रात्रीचं भाडं बिलातून वगळलं होतं आणि कारण तोंडाने सांगितलं: ‘त्या रात्री आम्ही तुम्हाला झोप देऊ शकलो नाही, म्हणून.’ त्यांनी मान डोलावली, वाद घातला नाही, भारावूनही गेल्या नाहीत. मला वाटतं त्यांना तो हिशेब बरोबर वाटला.

नंतर त्यांचा अभिप्राय आला. मुक्कामाला त्यांनी मध्यमसर गुण दिले होते. खाली दोन ओळी होत्या: ‘पहिली रात्र वाया गेली. दुसऱ्या रात्री माझं ऐकून घेतलं गेलं, त्याबद्दल आभार.’

जनरल मॅनेजर हिरमुसले. त्यांची अपेक्षा होती की इतकी मेहनत घेतल्यावर पाहुणा आधीपेक्षाही खूश होऊन जाईल. ही समजूत आमच्या धंद्यात खोल रुजलेली आहे. १९९२मध्ये मॅककोलो आणि भारद्वाज या संशोधकांनी तिला ‘सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स’ असं नाव दिलं, म्हणजे चूक होऊन ती उत्तम सुधारली तर चूक न झाल्यापेक्षा जास्त समाधान मिळतं. पण २००७मध्ये यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा असं दिसलं की समाधानावर हा परिणाम जाणवतो, मात्र पुन्हा येण्याच्या इच्छेवर किंवा इतरांना सांगण्यावर तो दिसत नाही. बाईंचा अभिप्राय मला त्याचाच प्रामाणिक नमुना वाटतो. गेलेली रात्र परत येत नाही. ती परत आल्यासारखं पाहुण्याने वागावं, ही अपेक्षाच आम्ही ठेवू नये.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णायक क्षण एक वाजून दहा मिनिटांचा. तिथे ‘लगेच पाठवतो’ याऐवजी आणखी एक मिनिट फोनवर थांबायला हवं होतं. आवाज आत्ता येतोय का? किती वेळाने येतो? तुम्ही काय केलं की थांबतो? एवढं विचारून, ऐकलेलं जसंच्या तसं लिहायला हवं होतं. आणि तेव्हाच खोली बदलून हवी का, हे विचारायला हवं होतं. त्या वेळी कागद मांडलेले नव्हते, बॅगही पुरती उघडलेली नव्हती. तोच उपाय वीस तासांनी दिला तेव्हा तो शिळा झाला होता.

दुसरा क्षण ‘बंद’ या बटणाचा. हॉटेलात नव्याने येणाऱ्यांना पायऱ्या शिकवतात: ऐका, समजून घ्या, क्षमा मागा, सोडवा, कळवा. शेवटची पायरी आम्ही आपसांतच उरकत होतो, पाहुण्याला कोणी कळवतच नव्हतं. पण इथे एक खरी अडचण आहे. रात्री अडीच वाजता ‘आवाज थांबला का?’ असं विचारायला फोन केला तर झोपलेला माणूस उठेल. त्यावर आम्ही सोपी तोड काढली. तंत्रज्ञाने निघताना विचारायचं, ‘सकाळी किती वाजता विचारलेलं चालेल?’ आणि ज्या वेळी सांगितलं त्याच वेळी, एकाच माणसाने विचारायचं. तोवर ऑर्डर उघडी.

तिसरा क्षण माझ्या सहीचा. टॅक्स, ब्राउन आणि चंद्रशेखरन यांचा १९९८चा अभ्यास सांगतो की तक्रार करणारा तीन गोष्टी तोलतो: हातात काय पडलं, ते कोणत्या पद्धतीने पडलं आणि त्या दरम्यान त्याच्याशी कसं वागलं गेलं. मी पहिल्या पारड्यात फळं टाकली तेव्हा दुसरी दोन रिकामी होती. आता मी कार्डावर सही करण्याआधी एक फोन करते. बहुतेकदा त्या फोननंतर टोपली पाठवायची गरज उरत नाही.

चौथी गोष्ट लॉग वाचण्याची. फोर सीझन्समध्ये रोज सकाळच्या बैठकीत आदल्या दिवशी काय बिघडलं याची यादी पाहुण्यांच्या नावानिशी वाचण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. आमच्याकडेही सकाळची बैठक होती, पण तिच्यात किती बंद झालं ते वाचायचे, काय झालं होतं ते नाही. आता आठवड्यातून एकदा खोलीवार यादी काढली जाते. कंटाळवाणं काम आहे. पण ‘साध्या’ तक्रारी एकमेकींशेजारी ठेवल्यावरच त्या साध्या नाहीत हे दिसतं.

तंत्रज्ञाला मी कधी दोष दिला नाही. त्याला ‘छतातून आवाज’ एवढंच मिळालं होतं. बाईंचं पूर्ण वाक्य मिळालं असतं तर तो दारातच थर्मोस्टॅटकडे बघून ओळखता. पुढे तोच सगळ्या नव्या तंत्रज्ञांना सांगायचा, आवाजाच्या तक्रारीला गेलात तर आधी काही बदलू नका.

फॉर्म

शेवटी गाडी त्या फॉर्मपाशी आली. प्राधान्याचा रकाना काढून टाकावा असं माझं म्हणणं होतं. पाहुणा संकोचून ‘तसं मोठं काही नाही’ म्हणतो आणि आम्ही तेच त्याच्या त्रासाचं माप म्हणून रकान्यात भरतो, हे मला सहन होत नव्हतं. मुख्य अभियंत्याने विरोध केला आणि तो बरोबर होता. गळणारा पाइप आणि टकटक एकाच रांगेत लावले तर रात्री दोन माणसांच्या जोरावर काम चालवायचं कसं? रकाना राहिला. त्याच्या वर एक मोकळी जागा वाढवली आणि तिला नाव दिलं, ‘पाहुण्यांचे शब्द’. सारांश नाही, दुरुस्ती नाही, विचित्र वाटलं तरी गाळायचं नाही.

साधारण पंधरवड्याने मी सकाळी लॉग उघडला तेव्हा त्या जागेत रात्रपाळीच्या त्याच मुलाच्या हातची नोंद होती: ‘छोटीशीच गोष्ट आहे, पण पहाटे चारला पडद्यातून उजेड येतो आणि पाचला आपोआप जातो.’ प्राधान्य, साधं. त्याखाली त्याने स्वतःहून लिहिलं होतं: ‘शेजारची खोली रिकामी आहे. चार वाजता तिथे दिवे घालवून उभा राहिलो. उजेड येतो. मागच्या बाजूला माल उतरवायच्या फाटकावरचा दिवा आहे, गाडी आली की लागतो. सुरक्षा विभागाला दिव्याचं तोंड फिरवायला सांगितलं. पाहुण्यांना साडेआठला विचारायचं आहे, मीच विचारीन.’